तांबडी का पिसाळली?

(सदर : अंगणातले शेजारी)

बालमित्रांनो, प्रार्थनेच्या वेळी तुम्ही रांगेत उभे राहता ना? बुटके पुढे, उंच मागे. एखाद्या दिवशी वर्गात नवा मुलगा आला की दोन मिनिटं त्या रांगेत ढकलाढकली होते. 'मी याच्यापेक्षा उंच आहे', 'बाई, हा मध्येच घुसला!' मग दोघं पाठीला पाठ लावून उभे राहतात, कुणीतरी दोघांच्या डोक्यावर हात ठेवून बघतं आणि रांग पुन्हा सरळ होते.

कोंबड्यांच्या कळपातही अशीच एक रांग असते. फक्त ती उंचीची नसते. ती असते चोचीची! कोण कुणाला टोचू शकते आणि कोण निमूटपणे टोचून घेते, याची ती रांग. पहिल्या नंबरच्या कोंबडीनं कुणालाही टोचावं, तिला कुणी टोचायचं नाही. शेवटच्या नंबरच्या बिचारीला सगळ्यांनी टोचावं. आणि मधल्यांनी वरच्यांचं खावं नि खालच्यांवर काढावं. रांग एकदा ठरली की अंगण शांत असतं. वरच्या कोंबडीनं नुसती मान ताठ करून बघितलं तरी खालची बाजूला सरकते. टोचायची वेळच येत नाही. पण ही रांग मोडली, तर मात्र काही खरं नाही.

आमच्या शाळेतल्या चौथीच्या एका मुलीच्या दारात यंदाच्या पावसाळ्यात नेमकं हेच झालं. मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, आमची तांबडी पिसाळली." तांबडी म्हणजे तिची लाडकी कोंबडी. हातावर दाणे ठेवले तर हातावरून खाणारी, शाळेत निघाली की फाटकापर्यंत मागे येणारी. तीच तांबडी तीन दिवसांपासून दुसऱ्या कोंबड्यांच्या अंगावर धावून जात होती. काळी नावाच्या कोंबडीची पाठ तिनं रक्तबंबाळ केली होती. काळी दिवसभर मोरीच्या दगडाआड दडून बसायची, दाण्यालाही बाहेर यायची नाही. अंडी एकदम कमी झाली होती. आता अंडी ही आजीची कमाई, आणि त्याच पैशांतून या मुलीच्या वह्या येतात. वडील म्हणाले होते, "रविवारी पाहुणे येणार आहेत, तांबडीलाच कापू. कटकट मिटंल." ते बुधवारी कळलं. म्हणजे हातात चार दिवस होते!

संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. आजी ओट्यावरच बसल्या होत्या. "बाई, तुमीच बगा आता. कुणाची तरी नजर लागली आमच्या कोंबड्यांना. न्हाईतर अशी गरीब कोंबडी वाघिणीवानी कशी वागंल?"

आधी दोन गोष्टी सांगून टाकते. कोंबडी पिसाळत नाही. कुत्रं पिसाळतं ते रेबीज या रोगानं, आणि रेबीज हा सस्तन प्राण्यांचा म्हणजे पिल्लांना दूध पाजणाऱ्या प्राण्यांचा रोग आहे. आणि नजरेचं म्हणाल, तर कोंबड्या एकमेकींवर धावून जायला लागल्या की कारण बहुतेक वेळा अंगणातच, चार पावलांवर सापडतं. फक्त शोधावं लागतं.

मी आजींना विचारलं, गेल्या पंधरा दिवसांत इथं काय बदललं? आधी त्या "काय न्हाई" म्हणाल्या. मग एकेक निघायला लागलं. घरात सगळ्यांत जुनी पांढरी कोंबडी होती, ती गावच्या जत्रेला गेली. (कशी गेली ते विचारू नका!) नंतरच्या मंगळवारी बाजारातून दोन नव्या तलंगा आणल्या. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. आणल्या तशा संध्याकाळी त्या सगळ्यांबरोबर खुराड्यात कोंडल्या. त्याच आठवड्यात पावसाची झड लागली, म्हणून कोंबड्या दिवसाही खुराड्यातच होत्या.

आता जरा गणित करू या. घाबरू नका, सोपं आहे. आधी आठ कोंबड्या होत्या. आठ जणींत जोड्या किती होतात? पहिलीच्या सात, दुसरीच्या उरलेल्या सहा, मग पाच, चार, तीन, दोन, एक. बेरीज २८. म्हणजे २८ जोड्यांत 'कोण वरची, कोण खालची' हे ठरलेलं होतं. पांढरी गेली, सात उरल्या, जोड्या २१. मग दोन नव्या आल्या. कोंबड्या झाल्या नऊ आणि जोड्या ३६! म्हणजे १५ जोड्यांचा निकाल नव्यानं लावायचा होता. त्यातच पांढरी पहिल्या नंबरची होती, तिची गादी रिकामी. तांबडी होती दुसऱ्या नंबरला. आणि हे सगळं कुठे? चार फुटांच्या खुराड्यात, जिथं हरलेलीला पळायलाही जागा नाही. मोकळ्या अंगणात हरलेली कोंबडी पळून जाते नि भांडण तिथंच संपतं. खुराड्यात ती पळू शकत नाही, म्हणून मारणारीला वाटतं ही अजून उभीच आहे, अजून हरलेली नाही!

चोचीची ही रांग कुणी शोधून काढली, माहीत आहे? नॉर्वे देशात १८९४ साली जन्मलेल्या थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे नावाच्या माणसानं. नाव मोठं अवघड आहे, पण माणूस लहानपणी तुमच्यासारखाच होता. तो घरच्या कोंबड्या बघत बसायचा आणि कुणी कुणाला टोचलं हे वहीत लिहून ठेवायचा. लोक हसले असतील कदाचित. पण पुढे त्यानं त्यावर मोठा प्रबंध लिहिला, तो १९२२ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला आणि प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या लोकांनी त्याची कल्पना उचलली. त्याला एक मजेदार गोष्टही दिसली. रांग नेहमी सरळ नसते. कधीकधी पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला टोचते आणि तिसरी मात्र पहिलीलाच टोचते! आपल्या दगड-कागद-कात्रीच्या खेळासारखं.

कोंबड्या एकमेकींना ओळखतात त्या मुख्यतः डोक्यावरून. तुरा, चेहरा, मान. दोन-तीन आठवडे एखादी दिसली नाही, तर परत आल्यावर तिला पाहुणीसारखं वागवतात. म्हणून खुडूक कोंबडी २१ दिवस अंड्यांवर बसून पिल्लं घेऊन बाहेर आली की पुन्हा दोन-चार दिवस चकमकी होतात. त्यात पिल्लांची आई तर काय, मांजरावरसुद्धा जाते. हा राग दुखण्याचा नाही, तिला तसंच राहू द्यायचं. पिल्लं मोठी झाली की आपोआप निवळते.

तर त्या दिवशी आम्ही काय काय केलं ते सांगते. सगळ्यांत आधी काळीला वेगळं काढलं. रक्त दिसत असेल तर हे काम उद्यावर टाकायचं नाही. कोंबडीला रंग फार छान दिसतात, आपल्यापेक्षाही जास्त, आणि लाल ठिपका दिसला की ती त्यावर चोच मारतेच. एकीनं मारली की दुसरी बघून मारते. असं करता करता कोंबडी मरूनही जाते. जखम स्वच्छ पाण्यानं धुतली, आयोडीनचं तपकिरी औषध लावलं. त्यानं जखमही भरते आणि लाल रंगही झाकतो. पावसाळ्यात जखमेवर माशा बसून अळ्या पडतात, म्हणून रोज उचलून बघायचं. जखम खोल असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यायचं.

(एक गंमत सांगते. १९०३ साली अमेरिकेत एकानं चक्क कोंबडीच्या चष्म्याचं पेटंट घेतलं होतं. दुसरीनं डोळ्यावर चोच मारू नये म्हणून! पुढे तिकडे लाल काचांचेही चष्मे निघाले. सगळंच लाल दिसलं की रक्त वेगळं ओळखू येत नाही, ही कल्पना. आपल्या आजींना चष्मा सापडत नाही, तिथं कोंबड्यांचे नऊ चष्मे कोण सांभाळणार?)

मग तांबडीलाही वेगळं काढलं. पण तिला शिक्षा म्हणून नव्हे हं. डालग्याखाली, सावलीत, दाणापाणी ठेवून. याचं कारण ऐका. मार खाणारीला कितीही दिवस बाहेर ठेवलं तरी परत आल्यावर ती पुन्हा तळालाच जाते. पण मारणारीला चार दिवस बाहेर काढलं, तर मधल्या काळात बाकीच्या आपली रांग लावून टाकतात, आणि ती परत येते तेव्हा तिचाच तोरा थोडा उतरलेला असतो. मुलीच्या वडिलांना मी हेच सांगितलं. म्हटलं, "दादा, पांढरी गेली म्हणून गादीसाठी मारामारी लागली. आता तांबडी कापली तर गादी पुन्हा रिकामी. मग पुढच्या रविवारी कुणाला कापणार?" ते हसले. पण "बघू" एवढंच म्हणाले.

नव्या दोघींना पडवीत जुन्या दरवाजाला जाळी लावून वेगळं ठेवलं. खरं तर बाजारातून आणलेली कोंबडी पहिले पंधरा दिवस वेगळीच, लांब ठेवायची असते. भांडणापेक्षाही रोगासाठी. मानमोडी, म्हणजे राणीखेत, अशाच पाहुणीबरोबर घरात येते आणि सगळं खुराडं रिकामं करून जाते. त्यानंतर आठवडाभर जाळीआड ठेवायचं. म्हणजे बघता येतं, पण टोचता येत नाही. मग एका संध्याकाळी अंधार पडल्यावर त्यांना हळूच दांडीवर बाकीच्यांशेजारी बसवायचं. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही, त्यामुळे रात्री भांडण होत नाही. सकाळी मात्र लवकर उठून दार उघडायचं! एकटी नवी कोंबडी कधी सोडू नये, दोन-तीन मिळून सोडाव्यात. म्हणजे सगळा मार एकीवर येत नाही.

खुराड्यात रात्री बसायच्या दांडीवर दर कोंबडीला वीतभर जागा हवी. आपल्या वितेनं मोजलं तर तिथं सहाच वीत दांडी होती आणि कोंबड्या नऊ! मुलीच्या भावानं दुसरी दांडी ठोकली. दाणे एकाच परातीत घालायचे, ते बंद केलं. अंगणात तीन ठिकाणी, लांब लांब फेकायला सांगितले. एक कोंबडी एकाच ढिगावर पहारा करू शकते. ती तिकडे धावली की इकडच्या खातात. अंगणात एक फळी तिरकी उभी केली, एक बारदान टांगलं. पळणारीला आडोसा हवा ना! शेवग्याचा पाला मानेच्या उंचीवर बांधला, म्हणजे चोचींना दिवसभर उद्योग. रिकामी चोच वाईट. चुलीतली थंड कोरडी राख नि माती एका कोपऱ्यात ओतली, पाऊस लागणार नाही अशी. कोंबड्या त्यात लोळून अंग साफ करतात.

आणखी दोन गोष्टी मी तपासल्या, त्या तुम्हीही विसरू नका. एक म्हणजे खाणं. या घरी सगळा भार तांदळाच्या कणीवर होता. कणीत शंभरात सात-आठ भागच प्रथिनं असतात. अंड्यावरच्या कोंबडीला सोळा-सतरा भाग तरी लागतात. एका अंड्यात ५ ते ६ ग्रॅम प्रथिनं जातात, ती आणणार कुठून? शिवाय पिसं जवळजवळ सगळी प्रथिनांचीच असतात. म्हणून उपाशी नसलेली कोंबडीही दुसरीची पिसं उपटून खायला लागते! पावसाळ्यात कोंडून ठेवलं की किडे-गांडुळं मिळत नाहीत, तेव्हा हे हमखास होतं. शेंगदाण्याची पेंड किंवा थोडी सुकट द्यायची. पेंडीला बुरशी आली असेल तर ती मात्र फेकायची, ती विषारी असते. शिंपल्यांचा चुराही ठेवायचा, अंड्याच्या कवचासाठी.

दुसरी गोष्ट गोचीड. कोंबडीची गोचीड दिवसा दिसत नाही. खुराड्याच्या फटीत लपते आणि रात्री बाहेर येऊन रक्त पिते. रात्रभर खाज, झोप नाही, मग दिवसा चिडचिड होणारच. तुम्हाला डास चावतात तेव्हा तुम्ही भावंडांशी कसे वागता, आठवा बरं! रात्री बॅटरी घेऊन फटी आणि दांडीच्या खालची बाजू बघायची. आजींच्या खुराड्यात थोडी सापडली. फटी मातीनं बुजवल्या, आतून चुना मारला आणि औषध कोणतं नि किती, ते दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून आणलं. शेतात फवारायचं औषध कोंबड्यांवर मारायचं नाही! काही ठिकाणी मारतात, म्हणून मुद्दाम सांगते.

आणि चोच कापायची नाही. मोठ्या पोल्ट्रीत हजारो कोंबड्या एकत्र असतात, तिथं चोचीचं टोक काढतात, ते बघून काही जण घरीही कात्री घेतात. चोच म्हणजे नख नव्हे. तिच्यात नसा असतात, दुखतं.

आई-बाबांसाठी एक सूचना. वरचं सगळं कोंबड्यांच्या आपसातल्या भांडणाचं झालं. पण वयात येणारा कोंबडा कधीकधी माणसांवर, त्यातही लहान मुलांवर उडी घेतो. पायाच्या मागच्या बाजूला त्याला काटा असतो. तीन वर्षांचं पोर अंगणात बसलं तर त्याचा डोळा कोंबड्याच्या चोचीच्या उंचीवर येतो, हे लक्षात ठेवा. असा कोंबडा असेल तर लहान मुलाला अंगणात एकटं सोडू नये. जखम झालीच तर साबणानं धुऊन आरोग्य केंद्रात दाखवावं. मुलांनो, तुमच्या अंगावर आला तर पाठ दाखवून पळू नका आणि लाथही मारू नका. पळालात तर तो जिंकला, लाथ मारलीत तर त्याच्या दृष्टीनं झुंज सुरू झाली. तोंड त्याच्याकडे ठेवून, हातातलं दप्तर पुढे धरून हळूहळू बाजूला व्हा. आणि त्याला काठीनं डिवचून मजा बघणारी मोठी मुलं असतात ना, त्यांच्यात सामील होऊ नका. कोंबड्यांची झुंज लावणं हा तर १९६० सालच्या कायद्यानं गुन्हाच आहे.

जाता जाता एक नवलाची गोष्ट. तुमच्या कोंबडीचे पाय पिवळे आहेत का बघा. सगळ्या पाळीव कोंबड्यांचा मुख्य पूर्वज आहे लाल रानकोंबडा, आग्नेय आशियाच्या जंगलातला. पण पिवळ्या कातडीचा गुण त्याच्याकडून आलेला नाही. तो आला राखाडी रानकोंबड्याकडून, असं २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. आणि हा राखाडी रानकोंबडा राहतो कुठे? आपल्या सह्याद्रीतसुद्धा! पहाटे रानात गेलात तर त्याची तुटक बांग ऐकू येते. रानातले हे नर स्वतःच्या जागेसाठी झुंजतातच. म्हणजे खुराड्यातलं भांडण काही काल-परवाचं नाही.

आता तुम्ही विचाराल, रविवारी काय झालं? पाहुणे आले. आजींनी पिठलं-भाकरी केली आणि वर अंड्यांची पोळी. तांबडी डालग्याखाली होती, तिथंच राहिली. सोमवारी तिला सोडलं. पहिल्या दिवशी तिनं दोन-तीनदा मान फुगवली, पण आता कवडी पहिल्या नंबरला जाऊन बसली होती, तिनं तांबडीला एकच टोच दिली. तांबडी गप्प. काळीच्या पाठीवर पिसांचे कोंब यायला तीन आठवडे लागले. ती अजूनही शेवटच्या नंबरलाच आहे. तिला दाणे मोरीच्या दगडामागे वेगळे घालावे लागतात. ते काम ती मुलगी न विसरता करते. नव्या दोघींपैकी एक आता अंडी द्यायला लागली आहे, दुसरीचं काही अजून नक्की नाही.

तुमच्या दारात, शेजारी किंवा मामाच्या गावी कोंबड्या असतील तर दिवाळीच्या सुट्टीत एक वही करा. प्रत्येक कोंबडीला नाव द्या. आडवी नि उभी नावं लिहून चौकोनांचा तक्ता आखा. रोज दाणे घालताना अर्धा तास लांब बसून बघा आणि कुणी कुणाला टोचलं त्याची त्या चौकोनात खूण करा. आठ दिवसांत रांग दिसायला लागेल. कुठे दगड-कागद-कात्री सापडली तर मला जरूर कळवा. तारीख आणि त्या दिवशी पाऊस होता की ऊन, हे लिहायला विसरू नका. पत्ता नेहमीचाच, शेवटच्या पानावर आहे.

– तुमच्या बाई